बाळ रांगायला लागलंय, घरात लॅब (लॅब्रॅडोर कुत्रा) आहे. त्याला लहान मुलांशी हळुवार वागायला कसं शिकवावं?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. आमच्याकडे बंड्या आहे, लॅब, वय ३ वर्षं, वजन ३२ किलो. लेक ९ महिन्यांची, नुकतीच रांगायला लागलीय. शिवाय नणंदेचा ४ वर्षांचा मुलगा बहुतेक शनिवार-रविवार आमच्याकडेच असतो. बंड्या रागीट अजिबात नाही, आजवर कुणावर गुरगुरलेला नाही. अडचण त्याच्या उत्साहाची आहे. भाचा दारात दिसला की दोन्ही पाय त्याच्या खांद्यावर आणि पोरगं आडवं. हातातलं बिस्किट घेताना बोटंही तोंडात जातात. लेक त्याच्या अंथरुणापाशी गेली (सोफा आणि भिंत यांच्या मधल्या जागेत त्याचं अंथरूण आहे) की तो तिचं तोंड चाटत सुटतो, मग उठून जातो, थोड्या वेळाने परत येतो.

सासूबाईंचा त्याच्यावर जीव आहे, पण आता त्याही म्हणायला लागल्यात की गावी शेतावर पाठवू या. मला ते नको आहे. लेकीच्या बाबतीत धोकाही पत्करायचा नाही. ज्यांनी कुत्रं आणि तान्हं मूल दोन्ही सांभाळलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. एक ट्रेनर म्हणतोय, दोन महिने माझ्याकडे ठेवा, शिकवून परत देतो. पाठवावं का?

माळरान
शेतावर पाठवायची घाई करू नका. आमच्या सोलापूरकडच्या घरी मोत्या होता, गावठी. आम्ही सगळी भावंडं त्याच्या अंगावर लोळायचो, कान ओढायचो, त्याने कधी दात लावला नाही. लेकरू म्हणजे काय हे कुत्र्याला उपजत कळतं. फार शिकवाशिकवी लागत नाही. चुकलाच कधी तर नाकावर वर्तमानपत्राची सुरळी, पुन्हा करत नाही.

वेताळटेकडी
माळरान, मोत्याचं तुम्ही सांगता ते पटतंच, पण तो राहायचा कुठे ते बघा. ओसरी, अंगण, गोठा, पुढे सगळं शिवार. पोरांचा कंटाळा आला की तो उठून लिंबाच्या सावलीला जात असणार, आणि त्याच्या मागे तिथवर कुणी जात नसणार. बंड्याचं अंथरूण सोफा आणि भिंतीच्या मध्ये आहे. बाळ समोरून रांगत आलं की त्याला मागे सरकायला जागाच उरत नाही. बाहेर पडायचं तर बाळाच्या अंगावरून. मी कुत्र्यांच्या वर्तनाचं काम करते, आणि घरोघरी पहिली गोष्ट हीच बघते: या कुत्र्याला इथून सुटायला वाट आहे का? पाऊलवाट, आज रात्रीच ते अंथरूण तिथून हलवा. दोन बाजू मोकळ्या असतील अशा जागी टाका, आणि शिवाय एक अशी जागा त्याला द्या जिथे बाळ पोचूच शकणार नाही. बेडरूमच्या दाराला जाळीचं फाटक लावलं तरी भागतं.

सुरळीबद्दल मात्र कळकळीने सांगते, नको. बाळ जवळ असताना मार बसला की कुत्र्याच्या डोक्यात एवढंच पक्कं होतं की हे पोर जवळ आलं की मला मार पडतो. गुरगुरण्याबद्दल मारलं तर गुरगुरणं थांबतं, आतली भीती तशीच राहते. मग पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतो आणि घरचे म्हणतात, अचानक चावला. गुरगुरणारं कुत्रं आपल्याला सांगत असतं. त्याचं ते सांगणं टिकवायला हवं.

आता बंड्याचं. 'चाटत सुटतो, मग उठून जातो' हे तुम्ही लिहिलंय त्यावर माझी नजर अडकली. हा सगळा उत्साह नसावा. पुष्कळ कुत्री बाळाचं तोंड घाईघाईने चाटतात ती त्याला दूर सारायला. फोन कपाटावर टेकवून पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि आवाज बंद करून हळू गतीने बघा. निवांत लॅबचं तोंड अर्धवट उघडं असतं, बाळ जवळ येताना ते मिटतं का? खायला समोर काही नसताना जीभ नाकावरून झटकन फिरते का? जांभया येतात का? मान दुसरीकडे आणि डोळे मात्र बाळावर, त्यामुळे कडेला पांढरं दिसतं का? पुढचा पंजा उचलला जातो का? आणि क्षणभर का होईना, अंग थिजतं का? थिजणं दिसलं तर त्याच क्षणी बाळाला उचलायचं, आवाज न चढवता.

शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे यावर विसंबू नका. कंबरेसकट सैल हलणारी शेपूट वेगळी, आणि वर ताठ उभी राहून थरथरणारी वेगळी. या खुणांवर नॉर्वेच्या श्वान-प्रशिक्षक तुरिद रुगास यांनी बरंच काम केलंय. ब्रिटनमधल्या पशुवैद्य केंडल शेफर्ड यांनी त्या शिडीसारख्या एकावर एक मांडल्यात: तळाला जांभई, नाक चाटणं, मान वळवणं, मग उठून जाणं, पुढे ताठरणं, रोखून बघणं, गुरगुरणं आणि सर्वांत वर चावा. खालच्या पायऱ्यांवर आपण ऐकलं की वरच्या पायरीची वेळच येत नाही.

जाईजुई
+१. आमच्या गोटीचं (गावठी, रस्त्यावरून आणलेली) असंच होतं. ती मुलाला चाटायची आणि आम्ही 'पापी घेतेय' म्हणून फोटो काढायचो. तो टेकून बसला तेव्हा कळलं, ती त्याला चाटून मागे ढकलायची आणि मिळालेल्या फटीतून निघून जायची.

डॉ_पळस
मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून दवाखान्यातून जे दिसतं ते लिहितो. लहान मुलांना होणारे चावे बहुतांश ओळखीच्या कुत्र्याचे असतात, घरच्या नाहीतर शेजारच्या, आणि जागा चेहरा, डोकं, मान. कारण साधं आहे, मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं आणि मूल मिठी मारायला वाकतं. पालक बहुतेक वेळा त्याच खोलीत असतात, फोनवर किंवा ओट्यापाशी. म्हणून मी घरच्यांना सांगतो की 'लक्ष आहे' याचा अर्थ नजर मुलावर आणि हात पोचेल इतकं अंतर. तेवढं जमणार नसेल तेव्हा मध्ये फाटक. आंघोळीला जाताना, कुकर लावताना, दारात कुरियर आल्यावर, दरवेळी.

चावा किंवा दाताचा ओरखडा झाला, कुत्रं लस दिलेलं असलं तरीही, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. मग लगेच डॉक्टर. सरकारी रुग्णालयात रेबीजची लस मोफत मिळते. त्वचेत देण्याच्या पद्धतीत दिवस ०, ३, ७ आणि २८. चामडी फाटून रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं, ते लक्षात ठेवून विचारा. उघड्या जखमेवर किंवा तोंडाच्या, डोळ्याच्या आतल्या त्वचेवर लाळ लागणं हेही तितकंच गंभीर धरतात. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की आमच्या हातात जवळजवळ काहीच राहत नाही, म्हणून वेळ घालवायचा नाही.

आणखी एक. 'कुत्र्याचा केस पोटात गेला की गाठ होते' हे आज्या सांगतात. केसाने गाठ होत नाही. पण हायडॅटिड नावाची गाठ एका फीतकृमीच्या अंड्यांमुळे होते, ती अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून येतात आणि केसांना चिकटलेलीही असू शकतात. कुत्र्याला हा जंत शेळी-मेंढीच्या यकृत-फुप्फुसांचे कच्चे तुकडे खाऊन लागतो. तेव्हा कच्चे अवयव घालू नका, जंताचं औषध पशुवैद्याला विचारून वेळच्या वेळी द्या, फिरून आल्यावर पाय पुसा, आणि रांगणाऱ्या मुलीचे हात जेवणाआधी धुवा. गरोदरपणी ज्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूची धास्ती घालतात तो मुख्यतः मांजरीच्या विष्ठेतून आणि कच्च्या मांसातून येतो, त्यासाठी कुत्रं घराबाहेर काढायची गरज नसते.

सीमोल्लंघन
आम्हाला ट्रेनरने सांगितलं होतं की कुत्रा घरातल्या मुलाला आपल्यापेक्षा खालचा समजतो, त्यामुळे आधी 'लीडर' कोण ते दाखवायचं. कुत्र्याला सगळ्यांच्या शेवटी जेवायला द्यायचं, मुलाच्या अंगावर गेला तर पाठीवर पाडून दाबून धरायचं. हे करावं का?

वेताळटेकडी
दाबून धरणं अजिबात करू नका, मुलासमोर तर मुळीच नको. ही कल्पना लांडग्यांवरून आली. प्राणी-वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली पिंजऱ्यातल्या लांडग्यांवर लिहिलं. एकमेकांशी नातं नसलेले प्राणी एकत्र कोंडले होते, ते भांडत होते. १९७० साली लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या पुस्तकातून ती घरोघर पोचली. पुढे मेक यांनीच जंगलातल्या कळपांचा अभ्यास करून १९९९ मध्ये मांडलं की तो कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, कुटुंब. ते पुस्तक पुन्हा छापू नये असंही त्यांनी प्रकाशकाला सांगितलं. कुत्रं जेवण आधी करतं की नंतर, याचा बाळाशी वागण्याशी संबंध नाही. संबंध याचा आहे की बाळ जवळ असताना त्याच्या वाट्याला काय येतं.

आणि इथेच बहुतेक घरांत उलटं घडतं. बाळ झोपलं की आपण कुत्र्याला जवळ घेतो, लाड करतो. बाळ उठलं की 'हट, बाजूला हो, बाहेर जा'. काही आठवड्यांत कुत्र्याचं गणित पक्कं होतं, बाळ आलं की माझं सगळं बंद. हे उलटवा. बाळ खोलीत आलं की खाऊ, बाळ गेलं की खाऊ संपला. उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे, किंवा पनीर. तेवढं अन्न रोजच्या वाटीतून कमी करा, लॅब फार लवकर जाड होतात.

पाऊलवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिडिओ घेतला. लेक जेवणाच्या टेबलाखाली चमचा घेऊन गेली तेव्हाचा आहे. ती चमचा फरशीवर आपटतेय, बंड्या आडवा पडलाय. पहिल्या आपटण्याला कान मागे. दुसऱ्याला जीभ नाकावर. तिने हात त्याच्या कानाकडे नेला तेव्हा तोंड मिटलं आणि मान खुर्चीच्या पायाकडे वळली, डोळ्याचा पांढरा भाग अगदी स्पष्ट दिसतोय. मग चाटणं आणि मग निघून जाणं. सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, अगो, तो बिचारा विनवतोय. अंथरूण हलवलंय, फाटक मागवलंय. आता शिकवायला सुरुवात कुठून करू?

वेताळटेकडी
सासूबाईंनी अगदी नेमकं टिपलंय. सुरुवात बाळ झोपलेलं असताना, भाचा घरी नसताना. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाचदा.

जागा: एक जाड सतरंजी किंवा जुनी गोधडी. तिच्यावर पाय पडला की खाऊ, आणि तो हातातून न देता गोधडीवर, पंजांच्या मध्ये ठेवा. आपोआप खाली बसायला लागेल. बसला की पुन्हा. एका कुल्ल्यावर कलंडला, हनुवटी टेकली, श्वास सोडला की भरभरून. 'जागेवर' हा शब्द तो स्वतःहून गोधडीकडे धावायला लागला की मगच जोडा. मग तुम्ही चाला, खाली बसा, रांगा (खरंच रांगून बघा, माणूस जमिनीवर आला की बऱ्याच कुत्र्यांना राहवत नाही). मग लेक फाटकापलीकडे. मग लेक तुमच्या मांडीवर, त्याच खोलीत. तो उठला तर रागवायचं नाही, अंतर वाढवायचं. गोधडीवर असताना त्याला कुणी हात लावायचा नाही, हा नियम भाच्यालाही आणि पाहुण्यांनाही.

हळू घेणं: मुठीत खाऊ ठेवा. तो चाटेल, कुरतडेल, पंजा मारेल. मूठ उघडायची नाही, ओरडायचं नाही, हात मागे ओढायचा नाही. तोंड क्षणभर बाजूला झालं की तळहात सपाट उघडा. मग पुढची पायरी, उघड्या तळहातावर खाऊ असताना तो थांबतो का. झेपावला की मूठ बंद. दात अजिबात न लागता जिभेने उचलायला लागला की 'हळू' म्हणायला लागा. बाळाच्या हातून खाऊ देणं मात्र नकोच. उलट बाळ खायला बसलं की तो गोधडीवर किंवा फाटकापलीकडे. लहान हातातून अन्न हिसकायची सवय एकदा लागली की सुटायला फार जड जाते.

हात: तळहात त्याच्या नाकापासून वीतभर लांब धरा. नाक लागलं की खाऊ. पुढे खोलीभर, घरभर. बाळापासून त्याला बाजूला घ्यायचं असेल तर गळ्यातला पट्टा ओढायचा नाही, तळहात दाखवायचा. पट्टा ओढला की ताण वाढतो, हाताकडे तो हसत येतो.

सोड: लेकीचं खेळणं तोंडात असेल तर त्याहून चांगलं काही देऊन बदली करा आणि शक्य असेल तेव्हा ती वस्तू परतही द्या. पाठलाग करून तोंडातून ओढून घेतलं की वस्तू राखायला शिकतो, आणि राखणाऱ्या कुत्र्याजवळ बाळ रांगत जाणं हा सगळ्यात वाईट योग.

जाईजुई
उडी मारण्यासाठी आमचा अनुभव: दार उघडण्याआधी गोटीला दोरी लावायची आणि दोरीवर आपण उभं राहायचं, उभं राहता येईल पण उडी मारता येणार नाही एवढी सैल. चारही पाय जमिनीवर असतील तोवर खाऊ जमिनीवर टाकत राहायचा. खाऊ खाली पडतोय म्हटल्यावर नजर खालीच राहते. गुडघा छातीत मारा असं काही जण सांगतात, ते करू नका, दुखापत होते. आणि मुलं यायच्या आधी एक लांब फेरी, त्यात मनसोक्त हुंगू द्यायचं. नुसतं पळवून आणलेलं कुत्रं जास्त चेकाळून परत येतं.

पाऊलवाट
आणि ४ वर्षांच्या भाच्याला काय सांगू? त्याला समजतं, पण दोन मिनिटांत विसरतो.

डॉ_पळस
चार वर्षांच्या मुलाकडून नियम पाळले जातील यावर भिस्त ठेवू नका, तरी शिकवत राहा. तीन गोष्टी पुरतात. बंड्या जेवत असताना किंवा झोपलेला असताना जवळ जायचं नाही. मिठी नाही, तोंडावर तोंड नाही. आणि बंड्या अंगावर आला तर झाड व्हायचं: पाय जमिनीत, हात फांद्यांसारखे खाली, नजर मुळांकडे, आवाज नाही. पळणारं, किंचाळणारं मूल कुत्र्याला फार चेतवतं, स्तब्ध मूल चटकन कंटाळवाणं होतं. सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांपुढेही हेच. माझ्याकडच्या मुलांना मी हे खेळ म्हणून करायला लावतो, त्यांना आवडतं.

वेताळटेकडी
हात लावणंही शिकवा. मुलाने बंड्याकडे जायचं नाही, बंड्याला आपल्याकडे येऊ द्यायचं. एका हाताने, छातीपाशी किंवा खांद्यावर, तीन आकडे मोजेपर्यंत. मग हात काढून घ्यायचा आणि बघायचं. तो नाकाने हात ढकलतो, सरकून जवळ येतो, तर पुन्हा. नुसता उभा राहिला, मान वळवली, अंग झटकलं, तर आज पुरे. मुलं हे फार चटकन शिकतात, कधीकधी आपल्याआधी ओळखतात.

ट्रेनरकडे दोन महिने ठेवण्याबद्दल विचारलं होतं. माझं मत, पाठवू नका. तिथे तो त्या आवारात, त्या माणसाचं ऐकायला शिकेल. तुमची लेक तिथे नाही, चमचा नाही, टेबल नाही. आणि बंद दाराआड कोणती साधनं वापरतात ते आपल्याला दिसत नाही. विजेचा पट्टा, काट्यांचा पट्टा वापरणारा माणूस बाळ असलेल्या घरात नकोच. घरी येऊन तुम्हाला शिकवणारा, खाऊ वापरणारा, तुम्ही बघत असताना काम करणारा शोधा. एक तपासणी आधी करून घ्या: पशुवैद्याकडून बंड्याचे मागचे पाय, कंबर आणि कान. लॅबमध्ये खुब्याचा त्रास बराच असतो. दुखऱ्या जागी बाळाने हात टेकला तर सर्वांत गरीब कुत्रंही उलटतं.

माळरान
वाचतोय सगळं. मोत्या लिंबाखाली जायचा हे खरंच, आणि तिथे गेला की आजी आम्हाला हाक मारून मागे घ्यायची. ते आठवलं. सुरळीचा सल्ला मागे घेतो. माझ्या थोरल्या मुलाकडे आता पिल्लू आणायचं चाललंय, नातू दीड वर्षाचा आहे. पिल्लू आणि नातू बरोबर वाढले तर सोपं जाईल ना?

वेताळटेकडी
काका, सोपं वाटतं, पण घरात दोन बाळं होतात. ३ ते १२-१४ आठवडे हा पिल्लाचा माणसं, आवाज, स्पर्श ओळखायचा खास काळ, स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी तो १९६० च्या दशकातच मांडला होता. त्या वयात निरनिराळ्या वयाची मुलं शांतपणे भेटली तर आयुष्यभर उपयोग होतो. पण त्याच सुमारास सुईसारखे दुधाचे दात असतात, ४ ते ६ महिन्यांत पडतात, तोवर पिल्लू सगळ्यावर तोंड टाकणार. दीड वर्षाचं मूल पळणार आणि रडणार. सूनबाई एकट्याच दिवसभर घरी असतील तर नातू तीन-चार वर्षांचा होऊ द्या, किंवा मुलांसोबत राहिलेलं, स्वभाव माहीत असलेलं दोन-तीन वर्षांचं कुत्रं दत्तक घ्या. ८ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू घेऊ नका. चावताना किती जोर लावायचा हे ते भावंडांकडूनच शिकतं.

पाऊलवाट
इकडची प्रगती. गोधडीवर आता तो स्वतःहून जातो. लेक फाटकापलीकडे खेळत असताना हनुवटी टेकून पडून राहतो. बिस्किट अजून बोटांसकट घेतो, पण चिकनचा तुकडा अलगद उचलतो. पशुवैद्यांना डाव्या खुब्यात थोडा त्रास वाटला, एक्स-रे सांगितलाय. पुढची काळजी गणपतीची. आमच्याकडे पाच दिवसांचा असतो, घरात दहा-बारा मुलं, आरत्या, खाली ढोल-ताशा.

जाईजुई
ताई, त्या पाच दिवसांत त्याला कुणाशी 'ओळख करून' द्यायला जाऊ नका. आम्ही गोटीला मागच्या खोलीत ठेवतो, पंखा चालू, रेडिओ चालू, चघळायला काहीतरी, आणि दाराला वर कडी, मुलांचा हात पोचणार नाही अशी. आरतीच्या वेळी घरातलं एक माणूस तिच्याजवळ. मिरवणुकीच्या दिवशी सकाळीच फिरवून आणतो.

वेताळटेकडी
बरोबर. जाईजुईंनी सांगितलंय तसंच करा, आणि त्या खोलीत बसायची सवय आत्तापासून रोज थोडी लावा, एकदम त्या दिवशी नको. प्रसादाकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. पंचखाद्यात बेदाणे असतात, आणि द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, किती खाल्ल्याने होईल ते सांगता येत नाही. मुलांच्या हातून खिरापत जमिनीवर सांडतेच. खाल्ल्याचं दिसलं तर उलटी-बिलटीची वाट न बघता लगेच पशुवैद्याला फोन. चॉकलेटचे मोदक तसेच दूर ठेवा. सुट्टीच्या दिवशी उघडा असणारा दवाखाना कोणता ते आधीच विचारून नंबर फ्रिजवर लावून ठेवा. खुब्याचा एक्स-रे गणपतीच्या आधी करून घेता आला तर बघा, म्हणजे गरज पडल्यास दुखण्यावरचं औषध त्या गर्दीच्या दिवसांआधी सुरू झालेलं असेल.